पुण्याची सोसायटी आणि बेळगावचं असोसिएशन: थकलेल्या मेंटेनन्सची वसुली सारखी नाही

टिळकवाडीपासून गणेशपूरपर्यंत कुठल्याही अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच: थकबाकीदाराविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा, वसुली दाखला घ्या, फ्लॅटवर जप्ती आणा. पाठवलेला असतो कुणाच्या तरी पुण्यातल्या मेव्हण्यानं. मेसेज खोटा नसतो. तो शिनोळीच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या, पलीकडचा असतो, एवढंच. मग इथला खजिनदार तोच नमुना टाइप करतो, खाली शिक्का मारतो आणि नोटीस लावतो. थकबाकीदाराचा वकील ती वाचून हसतो.

दोन्हीकडे इमारत तशीच, लिफ्ट तशीच, महिन्याचं भांडणही तेच. पण कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी असते ती सहकारी गृहनिर्माण संस्था, 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची. खरेदीखत रीतसर झालं की जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर येते. फ्लॅटवाला संस्थेचा सभासद, त्याच्या हातात शेअर सर्टिफिकेट. संस्थेच्या डोक्यावर सहकार खात्याचा निबंधक. म्हणून तिथं पैसे थकले की कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मागणीच्या नोटिसा, खातेउतारा, समितीचा ठराव एवढं घेऊन निबंधकाकडे जायचं. तो दोन्ही बाजू ऐकून वसुली दाखला देतो आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. पूर्वी हे कलम 101 खाली चालायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, तिथं ते 154ब-29 झालं. व्याजाचंही ठरलेलं आहे: आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त 21 टक्के, तेही सरळव्याज.

आपल्याकडे फ्लॅट तुमच्या नावावर खरेदीखतानं होतो, सोबत जमिनीतला अविभक्त हिस्सा, ज्याला सगळे यूडीएस म्हणतात. इमारत असोसिएशनच्या मालकीची नसते. असोसिएशन ती फक्त सांभाळतं. याला लागू होतो 1972 चा कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा. या कायद्यात वसुली दाखला देणारा निबंधक नाही. कुणी मुद्दाम पैसे देत नसेल तर शेवटी दिवाणी कोर्ट. (पुण्यातही काही इमारती सोसायटी नसून ‘अपार्टमेंट’ असतात, तिकडच्या 1970 च्या कायद्याखाली. मेव्हणा अशा इमारतीत राहत असेल तर त्यानंही आधी आपला कायदा बघावा.)

हे ऐकून इथले लोक म्हणतात, मग आपलं असोसिएशन म्हणजे नुसतं दिवाबत्ती मंडळ. मला हे पटत नाही. आपल्या कायद्यात असोसिएशनच्या हातात एक मोठी गोष्ट दिली आहे आणि ती वापरतं कोण, तर जवळजवळ कुणीच नाही. थकलेला सामायिक खर्च हा त्या फ्लॅटवरचा बोजा ठरतो. सरकारी आणि महापालिकेचे कर आणि पहिलं गहाण, म्हणजे सहसा बँकेचं गृहकर्ज, एवढ्यांनंतर या बोजाचाच नंबर. शिवाय फ्लॅट विकला तर जुन्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. घेणाऱ्याला असोसिएशनकडून थकबाकीचा लेखी हिशोब मागता येतो, आणि त्यात जो आकडा लिहिलाय त्याच्या वरची मागची बाकी त्याच्या गळ्यात पडत नाही.

यातली गोम अशी की हा बोजा ईसीवर, म्हणजे मिळकतीच्या बोजा दाखल्यावर, दिसत नाही. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेल्या ईसीमध्ये नोंदवलेले व्यवहार येतात. तुमच्या खजिनदाराच्या वहीतली बाकी तिथं कुठून येणार? घेणारा ईसी बघतो, महापालिकेच्या खात्याचा उतारा बघतो, खूश होतो. त्यामुळे एखादा फ्लॅट विकायला निघाल्याचं कळलं की गप्प बसू नये. मालकाला, आणि माहीत असेल तर घेणाऱ्यालाही, बाकीचं पत्र पोच घेऊन द्यावं. वर्षानुवर्षं नोटिशीला दाद न देणारा माणूस या वेळी स्वतः दार वाजवतो.

मात्र हे सगळं तेव्हाच, जेव्हा इमारतीचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणत असल्याचा नोंदवलेला दस्त, झालेलं असतं आणि असोसिएशन 1972 च्या कायद्याखाली उभं असतं. आणि इथंच आपल्याकडे घोळ आहे. कितीतरी इमारतींची नोंद 1960 च्या कर्नाटक सोसायटीज रजिस्ट्रेशन कायद्याखाली केलेली असते, जो मुळात सांस्कृतिक मंडळं, शिक्षण संस्था, धर्मादाय कामं यांच्यासाठी आहे. तिच्या सर्टिफिकेटवर ‘सोसायटी’ लिहिलंय म्हणून लोकांना वाटतं आपणही पुण्यासारखेच. काही ठिकाणी तर नोंदणीच नाही, बँकेत दोघांच्या नावानं एक खातं आणि एक वही. केवळ राहण्याचे फ्लॅट असलेल्या इमारतीला 1972 चाच कायदा लागू होतो, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं अलीकडच्या निकालांत सांगितलं आहे. खाली दुकानं आणि वर फ्लॅट असं असेल तर वाट बदलते, तिथं राज्याच्या 1959 च्या सहकारी संस्था कायद्याचा रस्ता दाखवला गेलाय. खानापूर रोडसारख्या रस्त्यांवर अशा इमारती काही कमी नाहीत. तेव्हा आधी बिल्डरकडून मिळालेले कागद काढून कुठला कायदा लावला आहे ते बघा, नोटीस नंतर लिहा.

आता वाटणी. यावरून थकबाकी सुरू होते असं माझं मत आहे. पैसे नसतात म्हणून थकवणारे थोडे, ‘हिशोबच चुकीचा’ म्हणून थकवणारे जास्त. महाराष्ट्राच्या सोसायटीत जिन्यातले दिवे, वॉचमन असा सेवाखर्च सगळ्या फ्लॅटना सारखा, आणि पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून. आपल्या कायद्यात सामायिक खर्च यूडीएसच्या टक्केवारीनं वाटायचा. समजा 24 फ्लॅट आहेत: 16 दोन बेडरूमचे, प्रत्येकी साडेतीन टक्के, 8 तीन बेडरूमचे, प्रत्येकी साडेपाच टक्के. महिन्याचा लिफ्ट, पंप आणि पॅसेजची वीज मिळून खर्च 36,000 रुपये. समान वाटला तर प्रत्येकी 1,500. टक्केवारीनं वाटला तर लहान फ्लॅटला 1,260 आणि मोठ्याला 1,980. म्हणजे पुण्याचा तक्ता बेळगावात लावला तर लहान फ्लॅटवाल्याकडून महिन्याला 240 रुपये जादा घेतले जातात, आणि तो कोर्टात गेला तर त्याचं म्हणणं बरोबर ठरू शकतं.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडे उत्तर एकच. ‘मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही’ हे कारण पुण्यात चालत नाही आणि इथंही नाही. सामायिक सोय वापरत नाही म्हणून किंवा फ्लॅटला कुलूप लावून गोव्याला नोकरीला गेलो म्हणून खर्चातून सुटका होत नाही, असं आपला कायदा स्पष्ट म्हणतो.

आणि मग तो नेहमीचा प्रस्ताव येतो. मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणतंच, “काका, त्याचा नळच बंद करूया की! मग पैसे कसा देत नाही बघतो.”

नको. दोन्ही राज्यांत नको. फ्लॅटचं वीज मीटर हे हेस्कॉम, म्हणजे इथली वीज कंपनी, आणि मालक यांच्यातलं आहे. 2003 च्या वीज कायद्यानं बिल थकल्यावर लाइन तोडायचा अधिकार वीज कंपनीला दिलाय, तोही 15 दिवसांची नोटीस देऊन. असोसिएशनच्या अध्यक्षाला फ्यूज काढायचा अधिकार कुणी दिलेला नाही. पाण्याचंही तसंच. पाणी-वीज जीवनावश्यक मानली जाते, घरात म्हातारी माणसं, पोरंबाळं असतात, आणि नळ बंद केला की कालपर्यंत दोषी असलेला माणूस पोलिसांत जाऊन फिर्यादी होतो. वर तुम्ही वसुलीच्या दाव्यात उलट्या दाव्याची सोय करून देता. जनरेटरचा बॅकअप ही असोसिएशनची स्वतःची सोय. बायलॉजमध्ये तसं लिहिलं असेल तर ती थांबवण्याचा विचार करता येतो. थकबाकीदाराला मत देता येणार नाही किंवा निवडणुकीला उभं राहता येणार नाही, असं कलम आहे का तेही तिथंच बघा.

यातच राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेनं एक नवं त्रांगडं केलंय. 2023 पासून अनेकांच्या घरचं बिल शून्य आलंय, त्यामुळे ‘लाइट फुकट असताना तुम्ही लाइटचे पैसे कसले मागालाय?’ असा प्रश्न येतो. घरच्या मीटरवरची सवलत वेगळी, लिफ्ट आणि पंपाच्या सामायिक मीटरचं बिल वेगळं. ते बिल असोसिएशनच्या नावावर येतं आणि ते थकलं तर लाइन तुटते ती सगळ्यांची, वेळेवर भरणाऱ्यांचीसुद्धा. सामायिक बिलाची झेरॉक्स दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावणाऱ्या इमारतींत ही कटकट कमी होते, असं मी पाहिलंय.

भाडेकरूचा मुद्दा थोडक्यात. फ्लॅट मेडिकल कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेला, मालक पुण्यात, आणि फोनवर उत्तर: “भाडेकरू देतोय की, माझ्याकडं काय मागालाय?” त्यांच्यात काय ठरलंय ते त्यांचं त्यांच्यात. असोसिएशनसाठी जबाबदार मालकच, म्हणून नोटीसही त्याच्याच नावे, पुण्याच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टानं.

कोर्टात जायचंच ठरलं तर मुदत सांभाळा. साध्या पैशाच्या दाव्याला 3 वर्षं. स्थावर मिळकतीवरच्या बोजाच्या आधारे मागायचं तर 12 वर्षं, पण त्यासाठी डिक्लरेशनपासून सगळे कागद पक्के हवेत. मुदत संपण्याआधी थकबाकीदारानं सही करून बाकी मान्य केली तर 3 वर्षं त्या सहीपासून नव्यानं मोजली जातात, म्हणून ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे तोंडी ऐकून न घेता कागदावर घ्यावं. दाव्याआधी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथं दोघांच्या संमतीनं झालेली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, तिच्यावर अपील नाही. हप्ते पाडून घ्यायला तयार असलेल्या माणसासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. बिलंच खोटी आहेत म्हणणाऱ्यासाठी सरळ दावा.