नोझल बंद होण्याआधीच डिझेल सांडतं, ते का?

पंचगंगेला पूर आला की शिरोळ-करवीरच्या गावांत फिरणाऱ्या बोटींना बहुतेक मागे टांगलेलं पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत उचलून नेता येणारी सुटी टाकी. या टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. इंजिन चालू करायच्या आधी तो सैल करायचा, टाकी टेंपोत टाकून न्यायची असेल तर आवळायचा. सैल करायचा राहून गेला तर बोट थोडं अंतर जाते आणि इंजिन आचके देत बंद पडतं. पेट्रोल बाहेर चाललंय, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, एवढंच त्याचं कारण.

घाट उतरून रत्नागिरी-मालवणकडे गेलं की मासेमारीच्या मोठ्या बोटी लागतात. त्यांचं इंजिन डिझेलचं आणि टाकी बोटीच्या पोटात कायमची बसवलेली. तिथे स्क्रू उघड-बंद करत बसायची सोय नाही. म्हणून टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी काढून तिचं तोंड बाहेर सोडतात, पुष्कळदा बोटीच्या बाजूच्या फळीतूनच. हा व्हेंट. डिझेल भरताना पाण्यात सांडतं ते बऱ्याचदा इथून, आणि गंमत म्हणजे नोझल धरून उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतही नाही. तो वर डेकवर असतो, धार खाली बाहेरच्या अंगाला.

आता कुणीही विचारेल, पंपाचं नोझल आपोआप बंद होतं ना? होतं. पण कसं, ते बघण्यासारखं आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. डिझेल वाहत असताना त्याच्या ओढीने या छिद्रातून हवा आत खेचली जात असते. डिझेल वर चढून छिद्र बुडालं की हवा मिळेनाशी होते, आतला दाब उतरतो, एक रबरी पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. थोडक्यात, नोझलला कळतं ते फक्त आपलं टोक बुडाल्याचं. टाकीत काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

पातळी म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरही सांगतं. बांधकामावरचा गवंडीही रोज पातळीचंच काम करतो. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन खांबांना लावतो, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं, तिथे पेन्सिलीने खूण. मधली नळी कितीही वळसे घेऊन गेली तरी फरक पडत नाही. बोटीतली डिझेल भरायची नळी आणि हवेची नळी ही अशीच दोन टोकं आहेत, मध्ये टाकी. टाकी गच्च भरली की डिझेल दोन्ही नळ्यांतून बरोबरीने वर चढू लागतं. भरायचं तोंड डेकवर आणि व्हेंटचं तोंड त्याच्या वीतभर खाली असेल, तर आधी कुठून सांडणार हे उघड आहे. नोझलचं टोक बुडायची वेळ येईपर्यंत खाली धार लागलेली असते.

सावरायला वेळ किती मिळतो? भरायची नळी आतून 38 मिलिमीटर व्यासाची आणि एक मीटर लांब धरली तर तिच्यात जेमतेम सव्वा लिटरच्या आत डिझेल मावतं. पंप मिनिटाला 40 लिटर सोडत असेल तर टाकी भरल्यापासून ही नळी भरायला दोन सेकंदही लागत नाहीत. शेवटच्या टप्प्यात धार बारीक करा, हा सल्ला या हिशेबातून येतो.

त्यात फेसाची भर. हवेची नळी बारीक असूनही एरवी पुरते, कारण हवा डिझेलपेक्षा सुमारे 700 पट हलकी. तेवढ्याच दाबाला ती त्याच नळीतून डिझेलच्या 26 पट वेगाने निघून जाते. पण डिझेल वेगाने पडलं की फेसाळतं. हा फेस टाकी भरण्याआधीच बारीक नळीत शिरला की हवेची वाट अडते, आत दाब चढतो आणि फेस गुळण्या टाकल्यासारखा बाहेर पडतो.

यावरचा पहिला इलाज उंचीचा. व्हेंटचं तोंड भरायच्या तोंडापेक्षा वर न्यावं. ते जमत नसेल तर नळी आधी डेकखाली जमेल तितकी उंच नेऊन मग उलट्या यू आकारात खाली वळवावी, म्हणजे डिझेलला आधी तो बाक चढावा लागतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला हे अवघड नाही. या नळीत बसवायची छोटी भांडीही मिळतात. त्यांत फेस आणि डिझेल अडकतं, हवा पुढे जाते आणि अडकलेलं डिझेल टाकीत परततं. एक प्रकार शिट्टीचा आहे: हवा निघतेय तोवर वाजते, डिझेल चढलं की गप्प होते. कल्पना झकास, पण शेजारी दुसऱ्या बोटीचं इंजिन धडधडत असेल तर ऐकू काय येणार? त्यापेक्षा भरताना व्हेंटखाली बाटली लावून ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

काही जण व्हेंटला सरळ बूच मारतात. हे अजिबात करू नये. बूच काढायचं विसरलं की पुराच्या बोटीचं होतं तेच इथेही होणार, फक्त भर समुद्रात. बूच न मारताही नळी बुजू शकते. कुंभारीण माशीला अशी भोकं फार आवडतात, बोट काही दिवस उभी राहिली की ती आत मातीचं घर बांधून मोकळी. म्हणून तोंडावर बारीक जाळी हवी.

नीट भरलेली टाकीही नंतर सांडू शकते, कारण डिझेल उष्णतेने फुगतं. दर अंश सेल्सिअसला साधारण 0.083 टक्के. जमिनीखालच्या थंड टाकीतलं 25 अंशांचं डिझेल 200 लिटर भरलं आणि दुपारी ते 40 अंशांवर गेलं, तर ते जवळपास अडीच लिटर वाढतं. लोखंडी टाकीही फुगते, पण याच्या विसाव्या हिश्शाहून कमी. काठोकाठ भरलेल्या टाकीत हे अडीच लिटर जाणार कुठे? हायवेला उन्हात उभ्या असलेल्या ट्रकच्या टाकीवर झाकणाखालून आलेला ओघळ दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

बोट कलली तर प्रकार आणखी वेगळा. व्हेंटची नळी टाकीच्या एका कडेला जोडलेली असेल आणि नेमकी ती बाजू खाली गेली, तर नळीचं मूळ डिझेलमध्ये बुडतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात कोंडली जाते. अशी 50 लिटर हवा 15 अंशांनी तापली की अडीच लिटरने फुगते आणि तेवढं डिझेल नळीत ढकलते. टाकी अर्धी रिकामी असूनही! म्हणून नळी टाकीच्या सगळ्यात उंच जागेवरून, शक्यतो मधोमध काढायची.

दोन टाक्यांच्या बोटीत रिटर्न लाइनकडेही बघावं लागतं. डिझेल इंजिन लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं, गरम झालेलं, टाकीत परत पाठवतं. ओढतोय डावीकडून आणि रिटर्नचा कॉक उजवीकडे उघडा राहिला, तर उजवी टाकी भरत जाते आणि व्हेंटमधून वाहू लागते. पंपाजवळ न जाता डिझेल सांडायचा हा मार्ग.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे टाकीचा पाच ते दहा टक्के भाग रिकामा सोडणं. पण 'फुल्ल कर' म्हणायची आपली सवय जबर.

सांडलंच तर किती पसरतं? पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसू लागतात तेव्हा तवंगाची जाडी साधारण 0.3 मायक्रोमीटर असते, म्हणजे प्रकाशाच्या लहरींच्या मापातली. या जाडीला एक लिटर डिझेल 3,300 चौरस मीटरवर पसरतं. गुंठ्यांत सांगायचं तर 33 गुंठे. तवंग दिसेनासा व्हावा म्हणून त्यावर साबणाचं पाणी ओतणारे असतात. त्याने डिझेल जात नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात खाली उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचतं. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनची शोषक कापडं पाण्यावर टाकावीत. ती तेल पितात, पाणी पीत नाहीत, आणि डिझेलसकट उचलून घेता येतात. नोझल हातात घेण्याआधीच एक कापड व्हेंटच्या तोंडाखाली बांधून ठेवलं तर तवंग निस्तरायची वेळच सहसा येत नाही.