प्रतिमा, ट्यूमर मार्कर आणि कर्करोगाचं निदान: पार्श्वभूमी

बर्लिनचे शल्यचिकित्सक अल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये सुमारे ३,००० स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमांचा अभ्यास मांडला. हे सगळे स्तन शस्त्रक्रियेने काढलेले होते, त्यामुळे प्रतिमेत दिसलेली गाठ प्रत्यक्षात कशी आहे आणि कुठवर पसरली आहे, हे सालोमन यांना ताडून पाहता आलं. काही प्रतिमांत बारीक ठिपके होते. ते कॅल्शियमचे कण होते, पण त्यांचं महत्त्व कळायला आणखी साडेतीन दशकं लागली. प्रतिमा आणि ऊती शेजारी ठेवून वाचायची ही पद्धत मात्र तिथून रुजली. आजही नवी चाचणी आली की पहिला प्रश्न तोच असतो: जे दिसलं, ते सूक्ष्मदर्शकाखाली काय निघालं?

जिवंत रुग्णात हे करणं अवघड होतं. हाड आणि मांस यांत क्ष-किरण शोषण्याचा फरक मोठा असतो, तर स्तनातली निरोगी ग्रंथी आणि कर्करोगाची गाठ यांच्यातला फरक अगदी थोडा. छातीच्या एक्स-रेसाठी वापरतात तेवढ्या ऊर्जेचे किरण टाकले तर दोन्ही सारखेच करडे दिसतात. उरुग्वेचे राऊल लेबोर्न यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी पुढे आणल्या. एक, स्तन दाबून सपाट करायचा. दोन, कॅल्शियमचे कण गांभीर्याने वाचायचे. दाबल्याने जाडी कमी होते, ऊतींचे एकावर एक आलेले थर सुटे होतात, विखुरलेले किरण घटतात, प्रतिमा हलत नाही आणि कमी मात्रेत काम भागतं. मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) करताना स्त्रियांना जो दाब सोसावा लागतो, त्याला ही सगळी कारणं आहेत. दाब अपुरा पडला तर अर्ध्या मिलिमीटरहून लहान कणांचा पुंजका धूसर होऊन हातचा जातो.

ह्यूस्टनच्या रॉबर्ट इगन यांनी १९६० मध्ये कमी व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि कारखान्यांत वापरायची बारीक कणांची फिल्म असा मेळ घातला. फ्रान्सच्या शार्ल ग्रो यांनी त्याच दशकात क्ष-किरण नळीत मॉलिब्डेनम धातूचा ॲनोड (जिथून किरण निघतात तो भाग) वापरला. त्यातून १७.५ आणि १९.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निघतात आणि स्तनाच्या मऊ ऊतीतला बारीक फरक नेमका या टप्प्यात उठून दिसतो. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांवर चाचणी सुरू झाली. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून हाताने तपासणी देऊ केली, दुसऱ्याला नेहमीची सेवा. पहिल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले. या चाचणीचं खरं मोल तिच्या मोजमापात आहे. किती गाठी सापडल्या यावर न थांबता तिने दोन्ही गटांतले मृत्यू मोजले.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. समजा, एका माणसाचा मृत्यू ७० व्या वर्षी होणार आहे. लक्षणं दिसून ६७ व्या वर्षी निदान झालं तर तो निदानानंतर तीन वर्षं जगला. स्क्रीनिंगमुळे, म्हणजे लक्षणं नसताना केलेल्या तपासणीमुळे, तेच निदान ६३ व्या वर्षी झालं आणि मृत्यू ७० व्याच वर्षी आला, तर आकडा सात वर्षांचा होतो. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नसतं, फक्त आजाराची जाणीव चार वर्षं आधी होते. शिवाय ठरावीक अंतराने केलेल्या तपासणीत सावकाश वाढणाऱ्या गाठी जास्त सापडतात. वेगाने वाढणाऱ्या गाठी दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोकं वर काढतात. त्यामुळे ‘स्क्रीनिंगने सापडलेले रुग्ण जास्त जगतात’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि मृत्यू मोजायचे, एवढाच पक्का मार्ग आहे.

प्रतिमांच्या बरोबरीने दुसरा धागा चालू होता, आणि तो जास्त जुना आहे. १८४५ मध्ये लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाची लघवी तपासायला आली. तिच्यातलं प्रथिन विचित्र वागत होतं. या प्रथिनाची पुढे रूढ झालेली ओळख अशी: लघवी ४० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की साका धरतो, उकळीजवळ तो विरघळतो आणि निवताना परत दिसतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगाची ती खूण होती, म्हणजे आपण ज्याला आज ट्यूमर मार्कर (कर्करोगाची खूण देणारा रक्तातला किंवा लघवीतला पदार्थ) म्हणतो त्याचं पहिलं उदाहरण. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) हलक्या साखळ्या, हे मात्र १९६२ मध्ये सिद्ध झालं.

पुढची मोठी पावलं लागोपाठ पडली. मॉस्कोत गारी अबेलेव्ह यांना १९६३ मध्ये यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत अल्फा-फीटोप्रोटीन सापडलं, मॉन्ट्रिअलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना १९६५ मध्ये आतड्याच्या कर्करोगात सीईए हे प्रथिन. दोन्ही पदार्थ गर्भात मुबलक असतात आणि जन्मानंतर जवळपास नाहीसे होतात. सीईएच्या सुरुवातीच्या रक्तचाचण्यांत आतड्याच्या कर्करोगाचे जवळजवळ सगळे रुग्ण ओळखू आले आणि एका नळीभर रक्तात निदान होईल अशी मोठी आशा पसरली. ती टिकली नाही. सुरुवातीच्या अभ्यासांतले रुग्ण आजार बराच पुढे गेलेले होते. लहान, आतड्याच्या भिंतीतच असलेल्या गाठीत सीईए बहुधा वाढतच नाही. उलट धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या आजारात कर्करोग नसतानाही वाढतं. बळावलेला आजार एका बाजूला आणि ठणठणीत माणसं दुसऱ्या बाजूला ठेवून पारखलेली चाचणी कायम चमकदार दिसते. नव्या मार्करची बातमी वाचताना आधी हे तपासावं.

सीईए टाकाऊ मात्र ठरलं नाही. शस्त्रक्रियेनंतर आजार उलटतोय का, हे पाहायला ते आजही वापरतात. अंडकोशाच्या कर्करोगात तर मार्करशिवाय पान हलत नाही. शस्त्रक्रियेनंतर अल्फा-फीटोप्रोटीन दर पाच ते सात दिवसांनी आणि एचसीजी हे संप्रेरक साधारण एक ते दीड दिवसाने निम्मं व्हायला हवं. उतरण या गतीपेक्षा मंद असेल तर सीटी स्कॅन स्वच्छ दिसत असला तरी आजार कुठेतरी उरलेला असण्याची दाट शंका घेतात. मोजमापातही खाचखळगे आहेत. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर आकडा खोटा खाली किंवा वर जातो. मार्कर प्रचंड प्रमाणात असेल तर चाचणीतली प्रतिपिंडं अपुरी पडून आकडा उलट कमी येतो. तेव्हा नमुना पातळ करून परत मोजावा लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकाच आलेखावर जोडू नयेत.

प्रतिमांच्या बाजूला या काळात यंत्रांची रांग लागली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा शोधनिबंध १९५८ मध्ये आला. जठराचा बरा न होणारा कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका स्त्रीच्या पोटात त्यांना ध्वनिलहरींनी द्रवाने भरलेली मोठी गाठ दिसली आणि ती काढता आली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. तो मेंदूच्या गाठीचाच रुग्ण होता, आणि प्रतिमा फक्त ८० गुणिले ८० चौकटींची. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये एमआरआयचं तत्त्व मांडलं. १९७६ मध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, पहिल्यांदा माणसाला दिली गेली आणि कर्करोगाच्या पेशींची साखरेची भूक पेट स्कॅनवर दिसू लागली. पण क्षयरोगाची गाठ, ताजी जखम, थंडीने जागी झालेली तपकिरी चरबीसुद्धा एफडीजी ओढते. म्हणून चार ते सहा तास उपाशी राहणं आणि इंजेक्शननंतर तासभर उबेत शांत पडून राहणं, याला उपचाराइतकंच महत्त्व आहे.

जास्त दिसू लागलं तशी एक वेगळी अडचण समोर आली. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांतल्या चेतापेशींच्या कर्करोगासाठी तपासत. मार्कर उत्तम होते, गाठी भराभर सापडल्या. पण क्वेबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवलं की अशा तपासणीने मृत्यू घटत नाहीत. या वयात सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरतात, आणि जीवघेणा प्रकार बहुतेकदा नंतरच्या वयात उद्भवतो. ज्या बाळांना काहीच झालं नसतं त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. जपानने २००४ मध्ये ही तपासणी थांबवली. अतिनिदान, म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या आजाराचं निदान, हा शब्द रुक्ष वाटतो, पण त्याच्या मागे ही बाळं आहेत.

प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या बाबतीत हाच पेच कोट्यवधी पुरुषांच्या वाट्याला आला. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन १९७९ मध्ये शुद्ध रूपात वेगळं केलं गेलं. अमेरिकेत १९८६ मध्ये त्याला उपचारानंतरच्या देखरेखीसाठी आणि १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून मान्यता मिळाली. मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही सीमा रूढ झाली, पण शरीर अशी सीमा पाळत नाही. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांची बायोप्सी (सुईने ऊतीचा तुकडा काढून तपासणं) केली, तेव्हा १५ टक्क्यांत कर्करोग निघाला. वय, ग्रंथीची साधी वाढ, मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी पीएसए वाढतं, तर ग्रंथी आक्रसवणाऱ्या फिनास्टेराइडच्या गोळ्यांनी काही महिन्यांत निम्मं होतं. त्यात बायोप्सी बहुतांशी अंदाजाने व्हायची: सोनोग्राफीत ग्रंथी दिसे, गाठ सहसा दिसत नसे, म्हणून ठरलेल्या जागांतून दहा-बारा तुकडे घेत. पुढच्या भागातली धोकादायक गाठ निसटायची आणि निरुपद्रवी ठिपका सुईत यायचा.

प्रतिमा आणि मार्कर हातात हात घालून काय करू शकतात, ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमआरआयने धोकादायक कर्करोगांपैकी ९३ टक्के ओळखले, तर नेहमीच्या बायोप्सीने फक्त ४८ टक्के. पुढच्या वर्षीच्या ५०० पुरुषांच्या चाचणीत आधी एमआरआय आणि संशय असेल तरच सुई, असा क्रम ठेवला. धोकादायक कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांत. निरुपद्रवी कर्करोगाचं निदान २२ वरून ९ टक्क्यांवर आलं. बायोप्सी मात्र राहिलीच, कारण एमआरआयला संशयास्पद दिसलेलं पुष्कळ काही कर्करोग नसतं.

एमआरआयमुळे पीएसएचा आकडाही नीट वाचता येतो. ग्रंथीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ०.५२ ने गुणलं की आकारमान मिलिलिटरमध्ये मिळतं. पीएसएला त्याने भागायचं. पीएसए ६ आणि ग्रंथी ३० मिलिलिटर असेल तर घनता ०.२०, तेच ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर ०.१०. सर्वसाधारण सीमा ०.१५ ची. एमआरआयवर डाग संदिग्ध असेल आणि घनता सीमेखाली, तर अनेकदा सुई टाळून लक्ष ठेवतात. स्कॅनची तयारीही महत्त्वाची: गुदाशयात वायू असेल तर विसरण-प्रतिमा (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारी एमआरआय प्रतिमा) वेडीवाकडी येते, आणि नुकतीच बायोप्सी झाली असेल तर साकळलेलं रक्त गाठीसारखं भासतं, म्हणून सहा ते आठ आठवडे थांबतात.

फुफ्फुसात ‘दिसलं’ आणि ‘धोकादायक आहे’ यांच्यातलं अंतर वेळेने भरून काढलं. अमेरिकेत ५३,४५४ जणांच्या चाचणीत, २०११ मध्ये, कमी मात्रेच्या सीटीने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण संशयित निघालेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांहून अधिक स्कॅनमध्ये कर्करोग नव्हता. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीने व्यासाऐवजी घनफळ मोजलं. ५० ते ५०० घनमिलिमीटरच्या गाठीचा निवाडा लगेच न करता तीन महिन्यांनी स्कॅन परत घ्यायचा आणि दुप्पट व्हायला किती दिवस लागतात ते काढायचं. घनफळच का? व्यास २६ टक्के वाढला की घनफळ दुप्पट होतं. ८ मिलिमीटरची गाठ १० ची झाली तर डोळ्याला फरक किरकोळ वाटतो, पण पेशी जवळपास दुप्पट झालेल्या असतात.

बीजांडकोशाच्या कर्करोगात असा मेळ अजून जमलेला नाही. ब्रिटनमध्ये २,०२,६३८ स्त्रियांवर सीए-१२५ हा रक्तातला मार्कर आणि योनीमार्गातून सोनोग्राफी यांची वर्षानुवर्षं चाचणी झाली. सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या जोडीने आजार थोडा आधीच्या टप्प्यात सापडला. तरीही २०२१ मध्ये आलेल्या निकालात मृत्यू घटलेले दिसले नाहीत.

आता लक्ष रक्तात तरंगणाऱ्या डीएनएकडे आहे. पेशीबाहेरचा डीएनए रक्तात असतो हे १९४८ पासून माहीत आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगातला ईजीएफआर जनुकातला बदल प्लाझ्मात (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) शोधणाऱ्या चाचणीला मान्यता मिळाली. बळावलेल्या आजारात, बायोप्सीला जागा नसताना, ती फार उपयोगी पडते. आजार अगदी लहान असताना मात्र गणित आडवं येतं. १० मिलिलिटर रक्तातून साधारण ४ मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. निरोगी माणसात मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास डीएनए धरला तर हाती येतो २० नॅनोग्रॅम. जीनोमच्या (डीएनएच्या संपूर्ण संचाच्या) एका प्रतीचं वजन ३.३ पिकोग्रॅम, म्हणजे कोणत्याही जनुकाच्या साधारण ६,००० प्रती. गाठीचा डीएनए दहा हजारात एक असेल, तर त्या नळीत ठरावीक बदलाची सरासरी ०.६ प्रत येते. यंत्र कितीही संवेदनशील असो, नळीत जे आलंच नाही ते सापडणार नाही. त्यात रक्त साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत काही तासांपेक्षा जास्त राहिलं तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा वाटा आणखी पातळ होतो. वयानुसार रक्तपेशींतही जनुकीय बदल साठतात. ते गाठीचे समजले जाऊ नयेत म्हणून पांढऱ्या पेशींचा डीएनए वेगळा वाचून वजा करावा लागतो.

यावर निघालेला एक मार्ग शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीत वापरला जातो. काढलेल्या गाठीतले त्याच रुग्णाचे खास बदल आधी वाचायचे आणि रक्तात एकाऐवजी, समजा, सोळा बदल एकदम शोधायचे. मग ०.६ च्या जागी साधारण दहा रेणू नळीत येतात, आणि शोधायला काहीतरी हाती लागतं.