छायाचित्रावरून वस्तूचे मोजमाप

छायाचित्रात उमटलेल्या प्रतिमेवरून मूळ वस्तूची लांबी, रुंदी, उंची किंवा घनफळ काढण्याची पद्धत. ही मोजणी पूर्वी हाताने होत असे आणि तिला फोटोग्रॅमेट्रीचा, म्हणजे छायाचित्रांवरून मोजणी करण्याच्या शास्त्राचा, भाग मानत. आता प्रतिमेतील कडा आणि बिंदू संगणक शोधतो, म्हणून तिची गणना संगणकीय दृष्टी या शाखेतही होते.

चित्रावरून उलट मागे जाण्याचा विचार कॅमेऱ्याहून जुना आहे. चित्र कोणत्या जागेवरून पाहून काढले आहे, हे चित्रावरूनच ठरवण्याचा प्रश्न योहान हाइनरिख लँबर्ट या गणितज्ञाने १७५९ मध्ये यथार्थदर्शनावरील (पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची रीत) ग्रंथात हाताळला होता. मोजणीसाठी छायाचित्र प्रथम कोणी वापरले, याबद्दल मात्र एकमत नाही. फ्रेंच लष्करी अभियंता एमे लोसदा यांचे नाव बहुधा पुढे केले जाते व त्यासाठी १८४९ हे वर्ष दिले जाते. त्या सुमारास ते कॅमेरा ल्युसिडा या, दृश्याची प्रतिमा कागदावर दाखवून ती गिरवू देणाऱ्या साधनाच्या मदतीने हाताने रेखाटलेल्या दृश्यांवर काम करत होते आणि छायाचित्रांकडे १८५० नंतरच्या दशकात वळले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जर्मन परंपरा हे श्रेय आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या वास्तुतज्ज्ञाला देते. १८५८ मध्ये वेट्झलरच्या कॅथीड्रलची मापे घेताना ते उंचावरून पडता पडता वाचले आणि मापे छायाचित्रावरून घ्यावीत असे त्यांना सुचले, अशी हकीकत आहे. ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या आठवणींवर आधारलेली असल्याने तिचा तपशील जपून घ्यावा लागतो. वास्तूंच्या अशा मोजणीसाठी १८८५ मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या पुढाकाराने सरकारी संस्था उभी राहिली, हे निर्विवाद आहे. लोसदांचा भर नकाशांवर होता, मायडेनबाउअरांचा वास्तूंवर. दोघांना आपापल्या क्षेत्रात आद्य मानणे हेच न्याय्य.

पद्धतीचा पाया समरूप त्रिकोणांचा आहे. वस्तूची लांबी म्हणजे प्रतिमेची लांबी गुणिले कॅमेऱ्यापासूनचे अंतर, भागिले भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ; ते व प्रतिमा दोन्ही एकाच एककात, उदा. पिक्सेलमध्ये, मोजतात). नाभीय अंतर ३००० पिक्सेल, वस्तू २ मीटरवर आणि प्रतिमा ३०० पिक्सेल असेल, तर वस्तू २० सेंमी. अंतरात ५ टक्के चूक झाली तर उत्तरही ५ टक्क्यांनी चुकते. अंतर ठाऊकच नसेल तर जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू यांत एका छायाचित्रावरून भेद करता येत नाही. एखादे तरी माप बाहेरून मिळाल्याशिवाय निरपेक्ष आकार निघत नाही, ही या विषयातील मूळ अडचण होय.

त्यासाठी चौकटीत ज्ञात मापाची वस्तू ठेवतात : एटीएम कार्ड (८५.६० × ५३.९८ मिमी), ए-४ कागद (२१० × २९७ मिमी) किंवा छापील खूण. एका सपाट पृष्ठावरील चार बिंदूंची जागा माहीत असेल, तर तिरप्या कोनातून घेतलेले चित्रही गणिताने सरळ करता येते. संदर्भवस्तू मोजायच्या पृष्ठाच्याच पातळीत असावी लागते आणि व्यवहारात नेमके हेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. टेबलापासून ५० सेंमी उंचीवर कॅमेरा आहे, कार्ड टेबलावर आहे व खोका १० सेंमी उंच आहे. अशा वेळी खोक्याचा वरचा पृष्ठभाग कॅमेऱ्यापासून ४० सेंमीवर येतो आणि त्याचे माप २५ टक्क्यांनी जास्त भरते. चांगले सॉफ्टवेअर ही चूक भरून काढू शकत नाही.

क्षितिजरेषेचा आधार याहून सुंदर आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा न झुकवता धरला, तर क्षितिजरेषा प्रत्येक उभ्या वस्तूला भिंगाच्याच उंचीवर छेदते. भिंग १.६ मीटरवर आहे, आणि चित्रात वरून मोजता माणसाचा पाय ९०० व्या, क्षितिज ५०० व्या आणि डोके ४५० व्या पिक्सेलवर आहे असे धरू. मग त्याची उंची १.६ × ४५० ÷ ४००, म्हणजे १.८ मीटर, अंतराची गरजच पडत नाही. कॅमेरा झुकलेला असल्यास समांतर रेषा चित्रात जेथे मिळताना दिसतात ते व्हॅनिशिंग पॉइंट आणि एका रेषेवरील चार बिंदूंच्या अंतरांचे, प्रक्षेपणात न बदलणारे गुणोत्तर (क्रॉस-रेशो) यांचा उपयोग होतो. ऑक्सफर्डच्या क्रिमिनिसी, रीड आणि झिसरमन यांनी १९९९-२००० मध्ये या मांडणीला, त्रुटीच्या अंदाजासह, आजचे रूप दिले.

दोन छायाचित्रांवरून त्रिमितीय रचना काढण्याची रीत लाँगे-हिगिन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. तीतही प्रमाण, म्हणजे रचना प्रत्यक्षात किती मोठी आहे हे, अनिर्णितच राहते. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर ज्ञात असल्यास ते ठरते, पण खोलीच्या (कॅमेऱ्यापासून वस्तूच्या अंतराच्या) मापातील त्रुटी त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भिंगामुळे सरळ रेषा वाकड्या दिसतात त्या विरूपणाची दुरुस्ती बुद्धिबळाच्या पटासारख्या नमुन्याची छायाचित्रे घेऊन करतात.

२०१४ च्या सुमारापासून न्यूरल नेटवर्क (असंख्य उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणाली) एकाच छायाचित्रावरून खोलीचा अंदाज देऊ लागली. दरवाजे, खुर्च्या, माणसे यांचे नेहमीचे आकार ती शिकलेली असतात, म्हणजे बाहेरचे माप येथे प्रशिक्षणातून येते. अपरिचित वस्तू किंवा वेगळा कॅमेरा आल्यास अंदाज घसरतो. अचूकता हवी तेथे संदर्भवस्तूची भूमितीच अधिक विश्वसनीय ठरते.

जखमांची मोजणी, माशांची लांबी, पार्सलचे आकारमान, वारसावास्तूंचे आलेखन यांत ही पद्धत वापरली जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनच्या छायाचित्रांवरून होते. प्रारंभिक राज्यांत महाराष्ट्र होता. सीसीटीव्हीवरून संशयिताची उंची काढताना चालीनुसार ती काही सेंमी बदलते, म्हणून उत्तर एका आकड्यात न देता मर्यादांसह द्यावे लागते.