दोन घरांत एक कुंपण, दोन्हीकडे कुत्रे : जाळी घेण्याआधी एवढं वाचा

सांदवाडीच्या (घरामागच्या मोकळ्या जागेच्या) कुंपणासाठी जाळी घेताना सगळे आधी उंची विचारतात. उंचीला ५ फूट बहुतेक कुत्र्यांना पुरतात. काम बिघडतं ते दोन जागी: जाळीच्या बुडाशी, आणि जाळीतून पलीकडचा कुत्रा दिसतो तिथे.

समोरासमोर दिसणारे कुत्रे कडेकडेने धावतात, भुंकतात, जाळीत तोंड घालतात. पलीकडे पोचता आलं नाही की चिडलेला कुत्रा जवळ उभ्या माणसालाही चावतो. म्हणून खालचे ४ फूट झाकाच. हिरवी नेट नको. तिच्यातून हालचाल दिसते आणि पंजाने ती फाटते. टिनाच्या पत्र्यांनी वादळात सगळा जोर खांबांवर येतो. बांबूचे तट्टे सगळ्यांत बरे. तुराट्यांचा कूडही चालतो, पण बूड जमिनीपासून ३ इंच वर ठेवा, नाहीतर उधळी (वाळवी) लागते.

उदाहरणार्थ ४८ फूट लांबीला ८ फुटी सिमेंटचे ७ खांब, ८-८ फुटांवर. जाळी १० गेजच्या (तारेची जाडी) तारेची, २ इंच भोकाची. त्याहून मोठ्या भोकातून लहान पिल्लू निघतं. वर, मध्ये आणि खाली अशा ताणाच्या तीन तारा, दोन्ही टोकांच्या खांबांना तिरपे टेकू. खालची तार वाचवू नका, कुत्रा तिथेच डोकं घालतो.

खड्डा अडीच फूट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ खांब कलतो. खड्डा वर रुंद अन् खाली निमुळता झाला तर फुगलेली माती काँक्रीटसकट खांब वर उचलते. तो सरळ किंवा बुडाशी थोडा रुंद खणा. १:२:४ चा (सिमेंट, वाळू, गिट्टी) माल भरा, ७ दिवस पाणी मारा, मगच जाळी ताणा.

उकरणं थांबवायला दीड फूट रुंद जाळीची पट्टी दोन्ही बाजूंना जमिनीवर आडवी अंथरा (४८ फुटांना एकूण ९६ फूट), कुंपणाच्या बुडाला बायंडिंग तारेने बांधा, वर मुरूम दाबा. कुत्रा अगदी जाळीलगत उकरतो. पंजाला तार लागली की सहसा सोडून देतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुरूम वाहून गेला का ते पाहा.

कुंपणाजवळ सरपण, कुटाराचं पोतं किंवा विटा रचू नका. त्यावर चढून कुत्रा उडी मारतो. साखळीचा कुत्रा कुंपणापर्यंत पोचेल असा कधीच बांधू नका. उडी मारून पलीकडे लोंबकळला तर गळफास बसतो. जाळीत विजेचा करंट सोडणं तर माणसाच्या जिवावरचं काम आहे, ते कुणीही करू नये.

दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस दरवर्षी द्या. जाळीतून कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा अन् लगेच दवाखान्यात जा.

हद्दीबद्दल शंका असेल तर आधी मोजणी करून घ्या. खांब कुणाच्या जागेत, खर्च कसा वाटायचा, तट्टे कोण बदलणार, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. मापं घेऊन दुकानात येताना शेजाऱ्यांनाही सोबत आणा.