अंगठ्याला दिसणारा रिमोट

खोलीतले दिवे मालवलेले आहेत, नजर पडद्यावर आहे आणि अचानक आवाज वाढतो. हात सोफ्यावर चाचपडतो, रिमोट सापडतो, पण त्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे हे कळेपर्यंत एखादं भलतंच बटण दाबलं जातं. चित्रपट बंद होऊन मुख्य पान उघडतं. अशा वेळी आपण स्वतःला दोष देतो, पण चूक बहुतेक वेळा रिमोटच्या आखणीची असते. इंटरनेटवरचे चित्रपट टीव्हीवर दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग बॉक्सचा रिमोट अंधारात, एका हाताने, न बघता वापरला जातो. त्यामुळे त्याची परीक्षा अंगठ्यानेच घ्यायला हवी.

अंगठ्याला रंग कळत नाही, बटणावर छापलेली चित्रं तर अजिबात कळत नाहीत. त्याला कळतात कडा, खळगे, उंचवटे आणि दोन बटणांमधली मोकळी जागा. म्हणून चार दिशांची कळ भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी लागली पाहिजे, मधलं ‘ओके’ बटण किंचित खोलगट हवं आणि ‘मागे’ व ‘होम’ ही दोन बटणं चुकूनही सारखी लागता कामा नयेत. आवाजासाठी दोन सुटी गोल बटणं देण्यापेक्षा एकच लांबट, वर-खाली कलणारी पट्टी बरी. तिची लांबी हाताला लगेच कळते. जुन्या रिमोटवर ५ या आकड्यावर बारीक टिंब असायचं, तेही याचसाठी.

वजनाचाही इथे संबंध येतो. एका एएए अल्कलाइन सेलचं वजन साधारण ११ ते १२ ग्रॅम असतं, म्हणजे दोन सेल मिळून तेवीस-चोवीस ग्रॅम. छोट्या रिमोटच्या एकूण वजनात हा वाटा मोठा आहे. सेल खालच्या टोकाला असले आणि दिशांची कळ पार वरच्या टोकाला असली, तर अंगठा वर सरकवताना रिमोट तळहातातून मागे कलतो. तर्जनीवर आडवा ठेवल्यावर रिमोट जिथे तोलून राहतो, त्या बिंदूच्या जवळ दिशांची कळ असावी. विकत घेण्यापूर्वी सेल घालून हा तोल बघायला पाच सेकंद लागतात.

ॲपलच्या २०१५च्या रिमोटमध्ये या सगळ्याचा विसर पडला होता. वरच्या भागात काचेचा स्पर्शपट्टा, मधे सहा बटणं आणि खाली सपाट भाग अशी त्याची रचना होती. दोन्ही टोकं हाताला जवळपास सारखीच लागत, त्यामुळे तो उलटा धरला जाई. मग तळहाताचा धक्का स्पर्शपट्ट्याला लागून पडद्यावरची निवड भलतीकडे सरके. २०१७ मध्ये ‘मेनू’ बटणाभोवती पांढरी कडा आली. तेवढ्याने थोडा फरक पडला, पण आकाराचा दोष कायम राहिला. २०२१ मध्ये मात्र सगळी मांडणी बदलली. जाडसर ॲल्युमिनियमचं अंग, चार दिशांना प्रत्यक्ष दाबता येणारं गोल कडं, टीव्ही चालू-बंद करण्याचं आणि आवाज पूर्ण बंद करण्याचं स्वतंत्र बटण, आणि बोलण्याचं बटण उजव्या कडेला. वस्तू दिसायला आधीइतकी नाजूक राहिली नाही, पण हातात घेतल्याक्षणी तिची दिशा कळू लागली. माझ्या मते हा बदल सहा वर्षं आधीच व्हायला हवा होता.

गूगलने २०२०च्या क्रोमकास्टच्या रिमोटवर आवाजाची बटणं कडेला दिली आणि २०२४च्या नव्या बॉक्सच्या रिमोटवर ती पुन्हा समोर आणली. कडेची बटणं फोनवर चालतात, कारण फोन आपण सतत मुठीत धरतो. रिमोट मात्र आडवा पडलेला असतो आणि उचलतानाच बोटं त्याच्या कडांवर पडतात. विशिष्ट व्हिडिओ सेवा थेट उघडणारी ठसठशीत बटणं हीसुद्धा अशीच अडचण आहे. त्या जागेसाठी सेवा पुरवणाऱ्या कंपन्या पैसे मोजतात, म्हणून ती असतात. पण ती बहुधा रिमोटच्या खालच्या भागात, म्हणजे तळहाताचा मऊ भाग टेकतो तिथेच असतात. ती थोडी आत दबलेली असतील तर त्रास कमी होतो.

मग बटणंच कमी करावीत का? इथे एक मोठा गैरसमज आहे. बटण काढून टाकलं तरी त्याचं काम उरतंच, ते पडद्यावर जातं. उपशीर्षकांचं बटण नसेल तर व्हिडिओ थांबवून, खाली जाऊन, चिन्ह शोधून, यादीतून भाषा निवडावी लागते. एका दाबाच्या जागी सहा-सात दाब.

हे दाब महाग का पडतात, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला. त्यानुसार लक्ष्याचं अंतर दुप्पट झालं तरी तिथे पोहोचायचा वेळ दुप्पट होत नाही, ठरावीकच वाढतो. माउसने किंवा बोटाने आपण लांबची झेप एका दमात घेतो. दिशांच्या कळीला हा फायदा मिळत नाही. दहा घरं लांब जायचं तर दहा पावलं, वीस घरं तर वीस पावलं. त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर एखादी गोष्ट किती दूर दिसते याला महत्त्व नाही, ती किती पावलांवर आहे याला आहे.

पडद्यावरचा कीबोर्ड बघितला की हे लख्ख दिसतं. इंग्रजी अक्षरांत ‘वॉटर’ हा पाच अक्षरी शब्द टाइप करायचा आहे असं समजा, आणि सुरुवातीची निवड कीबोर्डच्या पहिल्या अक्षरावर आहे. ए ते झेड ही सगळी अक्षरं एका लांब ओळीत असतील आणि टोकावरून वळसा घेता येत नसेल, तर सरकण्याची ९१ पावलं आणि ‘ओके’चे ५ दाब, एकूण ९६. तीच अक्षरं सहा-सहाच्या ओळींत मांडली तर २७ अधिक ५, म्हणजे ३२. संगणकासारखी क्वर्टी मांडणी घेतली तर ११ अधिक ५, म्हणजे फक्त १६. हा शब्द क्वर्टीला विशेष सोयीचा आहे, कारण त्याची सगळी अक्षरं डावीकडे वरच्या दोन ओळींत येतात. प्रत्येक शब्दाला एवढा फायदा मिळणार नाही. पण एका ओळीची मांडणी जवळपास नेहमीच हरते, आणि ती आजही अनेक ठिकाणी दिसते. देवनागरीत तर स्वर, व्यंजनं, काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून घरांची संख्या आणखी वाढते. मोबाइलवरच्या रिमोट ॲपमधून टाइप करणं हा यावरचा सर्वात सोपा उपाय. बहुतेक बॉक्सना तशी सोय असते, फक्त फोन आणि बॉक्स एकाच वाय-फायवर हवेत.

आता रिमोटच्या पोटात शिरू. स्ट्रीमिंग बॉक्सचे बरेच रिमोट दोन भाषा बोलतात. बॉक्सशी ते ब्लूटूथने बोलतात, तर टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज कमी-जास्त करणं ही कामं जुन्या अवरक्त प्रकाशाने, म्हणजे इन्फ्रारेडने करतात. ‘बाकी सगळं कुठूनही चालतं, पण आवाजासाठी रिमोट टीव्हीकडेच धरावा लागतो’ ही तक्रार म्हणजे बिघाड नसतो. ती या दुहेरी रचनेची खूण आहे.

प्रकाशाने टीव्ही चालवण्याची कल्पना जुनी आहे. झेनिथ कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये टॉर्चसारखा रिमोट बनवला. टीव्हीच्या कोपऱ्यांतल्या प्रकाशसंवेदकांवर झोत पाडायचा, की टीव्ही आज्ञा ऐकायचा. पण खिडकीतून आलेलं ऊनही तेच काम करून बसे. आजच्या रिमोटमधली प्रकाशकळी, म्हणजे एलईडी, साधारण ९४० नॅनोमीटर लांबीच्या लहरी सोडते आणि सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकते. टीव्हीतला संवेदक फक्त याच वेगाच्या लुकलुकीकडे लक्ष देतो, उन्हाच्या स्थिर प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. निरोप पाठवण्याच्या एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत जातो, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, मग शून्य किंवा एक असे ३२ बिट. यंत्राचा पत्ता आणि त्याची उलट प्रत, आज्ञा आणि तिची उलट प्रत. उलट प्रत जुळली नाही तर आज्ञा सोडून दिली जाते. हा सगळा निरोप ६७.५ मिलिसेकंदांत संपतो. बटण दाबून धरलं तर दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच पुन्हा’ अशी छोटी खूण जाते.

फक्त आवाजाची बटणं बंद पडली असतील तर आधी सेल बदला. प्रकाशकळीला प्रत्येक ठोक्याला ब्लूटूथपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे सेल थकले की अनेकदा इन्फ्रारेड आधी दमतं आणि ब्लूटूथ मात्र चालत राहतं. तरीही फरक पडला नाही तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि आवाजाचं बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून पुढचा वापरायचा. पडद्यावर जांभळट-पांढरी लुकलुक दिसली तर रिमोट ठीक आहे, सेटिंगमध्ये टीव्हीची कंपनी पुन्हा निवडावी लागेल. नवा साउंडबार आणल्यावर हा घोळ हमखास होतो, कारण रिमोट अजून टीव्हीलाच हाका मारत असतो.

उलट परिस्थिती, म्हणजे आवाज चालतो पण दिशांची कळ मधूनच अडखळते, ही ब्लूटूथची बाजू. ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत थेट खोचलेली स्टिक, म्हणजे काडीसारखा छोटा बॉक्स, टीव्हीच्या धातूच्या पत्र्यामागे दडते आणि लहरी तिच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतात. अनेक स्टिकसोबत हातभर लांबीचीही नसलेली एक एचडीएमआय जोडवायर येते. लोक ती खोक्यातच ठेवतात, पण स्टिक पत्र्यापासून दूर नेण्यासाठी ती फार उपयोगी आहे. बॉक्सचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. यूएसबी ३ची हार्डडिस्क शेजारी असेल तर ती लांब सरकवा, तिच्या वायरमधून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो.

जोडणी पूर्ण तुटली असेल तर क्रम पाळा. रिमोटचे सेल काढा, बॉक्सची वीज एक मिनिट बंद ठेवा, पुन्हा सुरू करून मुख्य पान येऊ द्या, सेल घाला आणि मग बॉक्सजवळ जाऊन जोडणीची बटणं धरा. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर ‘होम’ १० सेकंद, गूगलच्या क्रोमकास्टवर ‘मागे’ आणि ‘होम’ एकत्र, दिवा लुकलुकेपर्यंत. बॉक्स पूर्ण सुरू होण्याआधीच बटणं दाबणं ही इथली नेहमीची चूक.

काहीजण बॉक्सचा रिमोट बाजूला ठेवून टीव्हीच्याच रिमोटने बॉक्स चालवतात. ही सोय एचडीएमआय वायरमधल्या सीईसी नावाच्या एका तारेवर चालते आणि ती अतिशय संथ आहे. एक बिट २.४ मिलिसेकंदांचा. ‘अमुक बटण दाबलं’ हा निरोप पोहोचायला सुमारे ७६ मिलिसेकंद, ‘सोडलं’ हे सांगायला आणखी ५२, शिवाय टीव्हीने आधी बटण ओळखायचा वेळ वेगळाच. आवाज कमी-जास्त करायला हे पुरतं. कीबोर्डवर भराभर सरकताना मात्र निवड अंगठ्याच्या मागे रेंगाळते आणि मग एक घर पुढे जाऊन थांबते.

बटण जोरात दाबावं लागत असेल तर दोष बहुधा रबरात असतो. सिलिकॉन रबराच्या बटणाखाली कार्बनची काळी टिकली असते, ती सर्किटवरच्या दोन पट्ट्यांना टेकली की जोड पूर्ण होतो. वर्षानुवर्षांच्या वापरात रबरातून तेलकट थर झिरपतो, त्यात धूळ मिसळते आणि जोड कच्चा राहतो. सेलच्या कप्प्यात स्क्रू असेल तर काढा, मग कडेच्या फटीत जुनं प्लास्टिक कार्ड घालून कवच हळूहळू उघडा. रबराची चादर कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण सुकवा. सर्किटवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने फिरवा. कार्बनच्या टिकल्या घासायच्या नाहीत, घासल्या तर बटण कायमचं जातं. दाबल्यावर स्पष्ट ‘टक्’ होणाऱ्या रिमोटमध्ये रबराऐवजी धातूच्या बारीक वाट्या चिकटपट्टीखाली बसवलेल्या असतात. त्यांना हात न लावणंच बरं.

राहता राहिले सेल. झेनिथच्याच रॉबर्ट ॲडलर यांचा १९५६चा रिमोट सेलशिवाय चालत असे. बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि कानाला न ऐकू येणारा नाद टीव्हीपर्यंत पोहोचे. आज सेल लागतातच, आणि ते गळतातही. पूर्ण उतरलेल्या अल्कलाइन सेलमध्ये हायड्रोजन वायू साठतो, दाबाने सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. एक जुना आणि एक नवा सेल एकत्र घातला की जुना लवकर त्या टोकाला जातो, म्हणून जोडी नेहमी एकदम बदलावी. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेल बहुतेक रिमोटमध्ये चालतात. फक्त पडद्यावर ‘सेल कमी’ अशी सूचना लवकर दिसते, कारण मोजमाप १.५ व्होल्टच्या सेलवर बेतलेलं असतं. स्प्रिंगवर पांढरा थर आलेला दिसला तर त्याला उघडा हात लावू नका. कानकाडीवर दोन थेंब व्हिनेगर घेऊन थर विरघळवा, मग अल्कोहोलने पुसून घ्या. स्प्रिंग तरीही काळी राहिली तर बारीक सँडपेपरचा एक हलका हात फिरवा आणि कप्पा पूर्ण कोरडा झाल्यावरच नवे सेल घाला.