मोठ्या मुलांना वाचून दाखवणं

साधारण चौथी ते सातवीच्या, म्हणजे स्वतः वाचता येणाऱ्या मुलांना शिक्षकांनी किंवा घरच्यांनी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत. प्रकट वाचन वेगळं, त्यात मूल उभं राहून वाचतं आणि बाई चुका काढतात. अभिवाचन पण वेगळं, पुण्यात ते बसवलेलं असतं, स्टेज आणि माईकसकट. इथे वाचणारा मोठा माणूस, ऐकणारी मुलं आणि मार्क कुणालाच नाहीत.

बहुतेक घरांत हे दुसरी-तिसरीत बंद पडतं, मुलाला अक्षरं जुळवता यायला लागली की "आता तुझं तू वाच". खरं तर बंद करायची ही अगदी चुकीची वेळ. 1986 मध्ये गफ आणि टनमर या अभ्यासकांनी मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं, आणि गुणाकारच असल्यामुळे एक बाजू कच्ची राहिली तर दुसरी कितीही पक्की असली तरी उपयोग कमीच. आता पाचवीतल्या मुलाला कानाने जेवढं समजतं तेवढं डोळ्याने वाचून अजून समजत नसतं, ही दरी भरायला साधारण सातवी-आठवी उजाडते, तोपर्यंत लांब वाक्यं, नवे शब्द, तिरकस विनोद हे सगळं त्याच्यापर्यंत जास्त करून कानातूनच पोचतं. अमेरिकेत 1985 साली वाचनावर एक गाजलेला अहवाल आला, त्यातही वाचून दाखवणं पुढच्या इयत्तांमध्ये चालू ठेवा असंच म्हटलंय.

पुण्यात याला अजून एक कारण आहे, ते म्हणजे घरी मराठी आणि शाळा इंग्लिश मीडियम. अशी मुलं मराठी फाडफाड बोलतात पण देवनागरीचं पान समोर आलं की जोडाक्षरांपाशी अडखळतात, मग गोष्टीतली मजाच जाते आणि पुस्तक बाजूला पडतं. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, पण गोडी काही कायद्याने लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्याच विद्याभवनात शिकतो, मूळचा फुरसुंगीचा, त्यामुळे इथल्या मुलांना सुरुवातीला तो बरा पडतो.

शाळेत शेवटच्या तासाची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पुस्तक मुलांच्या स्वतःच्या वाचनापेक्षा थोडं अवघड घ्यावं, आधी आपण एकदा वाचून ठेवावं आणि ऐन रंगात आलं की थांबावं, उरलेलं कोणी स्वतः शोधून वाचलं तर उत्तमच. ऐकताना मुलं चित्रं काढत बसली तरी चालतं. मात्र प्रत्येक धड्यानंतर "यातून काय शिकलात" विचारलं की संपलं सगळं, आणि हा मोह शिक्षकांपेक्षा पालकांनाच जास्त होतो! सहावी-सातवीची मुलं "आम्ही काय लहान आहोत का" म्हणतात, पण आपल्याकडे चातुर्मासात पोथी ऐकायला मोठी माणसंच बसत आली आहेत ना.

पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच, फक्त जूनमध्ये जाऊ नये, तेव्हा तिथे पाठ्यपुस्तकं आणि गाईडांचीच गर्दी असते. शिवाय बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, मोबाईलवरून वाचून दाखवलं तरी काही बिघडत नाही, फक्त नोटिफिकेशन बंद ठेवा.