गुडघ्यातल्या थांबलेल्या पेशी

सांगली-मिरजेत हाडांच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बसा, 'वाटी झिजली', 'वंगण संपलं' हेच कानावर पडतं. ऐकणाऱ्याला वाटतं, झिजलं ते झिजलं, आता उरलेलं जपून वापरायचं. आणि तो चालणंच सोडतो. ही समजूत मला फार घातक वाटते. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जिवंत असते, आणि तिच्या ऱ्हासामागे घर्षणाखेरीज बरंच काही असतं.

१९६१ साली फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. थांबतात, पण मरत नाहीत. पुढे कळलं, की अशा पेशी दाह वाढवणारी, भोवतालची ऊती कुरतडणारी रसायनं सोडत राहतात. अढीतल्या एका नासक्या आंब्यासारख्या त्या शेजारच्या पेशीही बिघडवतात. वयाबरोबर त्या साठत जातात, सांध्यांतही.

मग त्या काढूनच टाकल्या तर? २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांत हे केलं. त्यांचे स्नायू जास्त काळ टिकले, मोतीबिंदू लांबला. २०१७ मध्ये गुडघ्याला इजा केलेल्या उंदरांत अशा पेशी हटवल्यावर वेदना आणि कूर्चेची हानी कमी झाली. त्याच धर्तीचं इंजेक्शन माणसांच्या गुडघ्यात देऊन पाहिलं, तेव्हा मात्र २०२० मध्ये निराशा झाली: बारा आठवड्यांनंतर खरं औषध आणि औषध नसलेलं इंजेक्शन यांत फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. उंदराची इजा काही आठवड्यांची, आपला गुडघा तीस-चाळीस वर्षं दुखावत आलेला. शिवाय या पेशी सरसकट शत्रूही नाहीत. जखम भरायला त्या मदत करतात, आणि बिघडलेली पेशी विभागायची थांबते तेव्हा कर्करोगालाही अटकाव होतो.

म्हणून या पेशी हटवण्याचा दावा करणाऱ्या 'तारुण्याच्या' गोळ्या मागवू नका. त्यांतलं क्वेरसेटिन हे वनस्पतींतलं रसायन कांद्यात असतं हे खरं, पण फुप्फुसाच्या एका आजारावरच्या छोट्या चाचणीत ते दिवसाला १२५० मिलिग्रॅम दिलं होतं, तेही डॅसॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधासोबत. एवढं क्वेरसेटिन मिळवायला रोज काही किलो कांदा खावा लागेल!

गुडघा दुखतो त्याने आज करण्याजोगं वेगळंच आहे. वजन एक किलो उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, काही क्षण धरायचा, सावकाश खाली आणायचा. मांडीचे स्नायू सत्तरीतही बळकट होतात.